लेकीबरोबर दिवसभराची मोठी भिंत चढायचीये: दोघांचाच दोर की तिसरा मोठा माणूस हवाच?

कातळवेडा

मंडळी, लहान मुलांच्या क्लाइंबिंगवर इथे धागे भरपूर झालेत, पण बहुतेक सगळे कृत्रिम वॉलवर कितव्या वर्षी न्यावं आणि शूज कुठल्या मापाचे घ्यावेत यातच अडकलेले. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. लेक बारा वर्षांची. वॉलवर तर तिने मला केव्हाच मागे टाकलंय, खऱ्या कातळावर एका पिचचे (एका दोराच्या टप्प्याचे) रूट आरामात करते, आणि आता तिला मोठा मल्टिपिच, म्हणजे असे अनेक टप्पे एकामागून एक, हवाय, अंधारात निघायचं आणि दिवस कलता कलता माथ्यावर पोचायचं, तसला. हट्ट तिचा आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पहिला प्रतिसाद "हौस बापाचीच असणार" हाच येणार. रूटचं नाव मुद्दाम देत नाहीये, दिलं की धागा ग्रेडच्या भांडणात जातो.

तर मुद्दा. माझं मत असं झालंय की बाप-लेक किंवा आई-मुलगा दोघंच दोराला असले तर ती दोघांची टीम नसतेच, फक्त मोजायला दोघं. ती अडकली, घसरली, रडायला लागली तर मी तिला खाली सोडू शकतो, नाहीतर तीन-एकची ओढ (जोर कमी लागावा अशी दोराची रचना) लावून गाठोड्यासारखी वर घेऊ शकतो, वजन ते किती तिचं. उलट झालं तर? मी लीडवर (दोर घेऊन सगळ्यात पुढे चढताना) पडलो, घोटा मोडला किंवा डोक्याला लागलं आणि मी वीस मीटर वर लटकतोय, तर खाली स्टेशनवर (कातळात अँकर बांधलेल्या थांब्यावर) एकटी असलेली पोर काय करणार? मोठ्या माणसांच्या जोडीत जो सेकंड, म्हणजे मागून येणारा, असतो तो बिले (पुढच्याचा दोर धरून ठेवणं) बांधून टाकतो, स्वतःला त्यातून मोकळं करतो, प्रुसिकने (दोराला पकडणाऱ्या गाठीने) दोरावरून वर येतो. हे तिला शिकवता येईल, त्यातलं अर्धं येतंही तिला, पण बाप वर बेशुद्ध लटकतोय आणि तिने हे सगळं डोकं शांत ठेवून करावं, असं धरून रूट ठरवणं मला पटत नाही. म्हणून तिसरा मोठा माणूस हवाच, आणि तो नुसता सोबतीला नको, वेळ आली तर लीड पुढे नेईल किंवा सगळ्यांना सुखरूप खाली आणेल असा हवा.

जून २०१९ मध्ये कोलोरॅडोची एक दहा वर्षांची मुलगी अमेरिकेतल्या योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावरच्या 'द नोज'ने वर गेली ते आठवत असेल. साधारण ९०० मीटरची भिंत, ३१ पिच, ५ दिवस, रात्री कड्यातल्या लेजवर (पायरीसारख्या सपाट जागेवर) झोपायचं. जो तो ही गोष्ट बाप-लेकीची म्हणून सांगतो आणि ती आहेच, पण वडील स्वतः गाइड होते आणि दोरावर त्यांच्या घरोब्यातला तिसरा मोठा क्लाइंबर होता. सांगताना नेमकं हे गळून जातं.

ज्यांनी मुलांबरोबर (किंवा आईवडिलांबरोबर!) मोठं काही केलंय त्यांनी लिहा. कोण मधे, कोण शेवटी, गिअर (कातळात अडकवलेलं सुरक्षेचं सामान) कोणी काढायचं, सगळं.

काठावरचा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी चढत नाही, वाचतो फक्त. मोठ्यांनी स्वतःच्या जिवाशी काय खेळायचं ते खेळा, पोरांना कशाला त्यात? हट्ट काय, मुलं फोनचाही करतात. बारा वर्षांच्या मुलीला धोका म्हणजे काय ते कळतं का? ब्रिटिश गिर्यारोहक अ‍ॅलिसन हार्ग्रीव्हजबद्दल वाचलं होतं, १९९५ ला के२ च्या माथ्यावरून उतरताना गेल्या, मागे दोन लहान मुलं. त्यातला टॉम पुढे मोठा क्लाइंबर झाला, आल्प्समधल्या सहा मोठ्या उत्तर भिंती एका हिवाळ्यात एकट्याने चढला, आणि २०१९ मध्ये तोही नंगा पर्वतवर गेला. याला वारसा म्हणायचं का?

उभी_रेघ

काठावरचा, हार्ग्रीव्हजबाईंचं नाव काढलंत म्हणून लिहिते. १९८८ मध्ये टॉम पोटात असताना त्या आयगरची उत्तर भिंत चढल्या आणि तिथपासून त्यांच्याकडे आईपणाचा हिशोब मागणं जे सुरू झालं ते त्या गेल्यावरही थांबलं नाही. डोंगरात गेलेल्या बापांबद्दल बोलताना मागे किती मुलं राहिली ते सहसा कोणी मोजत बसत नाही. असो, ते अवांतर. पण ८००० मीटरवरचं हवामान आणि पक्के अँकर असलेला, आधी चढून पाहिलेला कातळाचा रूट यांना एका माळेत ओवू नका.

आता धागाकर्त्यांना. तिसरा हवाच हे मला सरसकट मान्य नाही. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, आम्ही दोघंच जातो, आलटून पालटून लीड करतो. वयाचा आकडा मी बघितलाच नाही, मी एकच गोष्ट पाहिली, तो मला खाली आणू शकतो का. जमिनीपासून थोड्याच उंचीवर मी दोरावर लोंबकळत बसायचे, बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि तो बिले बांधून, दुसरा अँकर लावून मला खाली आणायचा. सुरुवातीला चिडायचा, गाठीत गाठ व्हायची, मग त्याचं त्यालाच जमायला लागलं. ते जमेपर्यंत आमच्यात तिसरा असायचा, माझा भाऊ. ते जमल्यावर मामा घरी. तुमची लेक बारा वर्षांची आहे म्हणजे आज तिसरा न्या, पण ते कायमचं धरू नका एवढंच म्हणणं.

कातळवेडा

@उभी_रेघ, हे पटलं. "वेळ आली तर मला खाली आणू शकेल असा निदान एक माणूस दोरावर हवा" असं म्हणू या, मग तो तिसरा असेल नाहीतर मुलगाच असेल.

@काठावरचा, धोका तिला कळतो का, तर काही कळतो काही नाही. दगड खाली आला तर काय होतं ते कळतं, लांबून येणारे ढग बघून किती वेळ उरलाय ते नाही कळत. ते माझं काम.

दोरगाठ

बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा. शिकवण्याचं काम करतो म्हणून जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तिसरा हवा याला +१, पण तिसरा आला की त्याच्या भानगडी येतात त्याही धरा. प्रत्येक स्टेशनवर तिघांना उभं राहायला जागा, दोन दोर, त्या दोरांचा गुंता, आणि वेळ. एका मागून एक असे तिघं चढायला लागलात तर प्रत्येक पिच तीनदा चढला जातो आणि दिवस तिथेच संपतो. त्यापेक्षा लीडरने दोन दोर ओढत न्यायचे आणि मागचे दोघं थोडं अंतर ठेवून एकाच वेळी यायचे, मूल वर, मोठा माणूस त्याच्या खाली. खालच्याला मुलाचे पाय दिसतात, तो सांगू शकतो की डावीकडे गुडघ्याच्या उंचीला खाच आहे, जे लीडरला वरून कधीच दिसत नसतं. दोर बारीक घेतले तरी शक्यतो दोन्ही सिंगल रेटिंगचे (एकेकटे वापरता येतील असे) घ्या.

बिले डिव्हाइस (दोर धरणारं उपकरण) गाइड मोडला, म्हणजे थेट अँकरला, लावून दोघांना वर घेणं सोयीचं, वजन आलं की आपोआप पकडतं. पण हीच त्याची अडचणही आहे, मूल ओव्हरहँगच्या (बाहेर झुकलेल्या कातळाच्या) खाली कातळापासून सुटून लटकलं आणि त्याला दोन मीटर खाली सोडायचंय, तर भार आलेलं डिव्हाइस सोडवणं हा खटाटोप असतो, तो आधी शंभर वेळा करून बघितलेला पाहिजे. नुसतं एक मूल वर घ्यायचं असेल तर मी अँकरवर मुंटर हिच ही गाठ लावतो, दोन्हीकडे चालते, खाली सोडणं अगदी सोपं. अट एकच, हात दोरावरून काढायचा नाही, फोटो काढायलासुद्धा नाही.

दोर ताणतो हे मुलांना आधी सांगा आणि दाखवाही. ईएन ८९२ (दोरांचं युरोपीय मानक) प्रमाणे सिंगल डायनॅमिक दोराला ८० किलो टांगले तर तो १०% पर्यंत ताणलेला चालतो. म्हणजे चाळीस मीटर दोर बाहेर असताना मोठा माणूस नुसता त्यावर बसला तरी चार मीटरपर्यंत खाली जाऊ शकतो. मूल हलकं म्हणून कमी जाईल, पण लेजवरून निघताना पहिल्याच दोन मूव्हमध्ये सुटलं तर पाय लेजवर आपटायला तेवढं पुरतं. शिवाय मुलाला वाटतं बाबांनी धरलंच नाही, आणि तो विश्वास परत आणायला मग पूर्ण दिवस जातो. पिचच्या सुरुवातीला दोर घट्ट ठेवा, दोघांनाही ओढल्यासारखं वाटलं तरी चालेल.

ट्रॅव्हर्स. इथे बाप-लेकीच्या दोरात खरी गफलत होते. आडव्या वाटेवर सेकंडही लीडरसारखाच पडतो, झोका घेत. लीडर अवघड जागेच्या आधी गिअर लावतो, ती पार झाली की हुश्श करून पुढे सटकतो. मागून येणाऱ्याला मात्र अवघड जागेच्या नंतरचं गिअर वाचवतं, आधीचं तर तो काढून निघालेला असतो. तेव्हा पार झाल्यावर लगेच एक लावा, तुम्हाला गरज वाटो न वाटो.

रॅपलिंगवर (दोरावरून खाली उतरण्यावर) वेगळं लिहितो, हे फार झालं.

नवी_आई

वाचूनच हाताला घाम फुटला :) माझं पिल्लू सहा वर्षांचं, वॉलवर सुरुवात केलीये, त्याचं साधं कमरेचं हार्नेस आहे. ते चालेल ना? मोठ्या भिंती वगैरे आमच्या स्वप्नातही नाहीत पण हार्नेसचं कोणीतरी सांगा.

दोरगाठ

@नवी_आई, लहान मुलांना कंबर अशी नसतेच, त्यात डोकं आणि वरचं अंग जड, त्यामुळे दोरावर उलटं झालं तर कमरेच्या हार्नेसमधून निसटायची भीती असते. म्हणून पूर्ण अंगाचं हार्नेस घ्या. ईएन १२२७७ मध्ये टाइप बी म्हणून लहान चणीच्या लोकांसाठी वेगळा प्रकारच आहे, ४० किलोपर्यंत. किती वर्षांपर्यंत वापरायचं याला वय नाही, कमरेचा पट्टा कुल्ह्याच्या हाडावर पक्का बसतो का आणि हाताने ओढला तर खाली सरकतो का ते बघायचं. सरकला तर अजून वेळ आहे.

आता रॅपल. मुलाला आधी पाठवू नका आणि शेवटीही एकट्याला ठेवू नका, असं म्हटलं की लोक विचारतात मग कधी पाठवायचं. तर स्टॅक्ड रॅपल करा. म्हणजे वरच्या स्टेशनवर मुलाचं डिव्हाइस दोरावर आधीच लावून, लॉक तपासून, एक्स्टेंशन स्लिंगवर त्याला उभं ठेवायचं, त्याच्या खाली तुमचं डिव्हाइस, आणि तुम्ही आधी उतरायचं. तुमचा भार दोरावर असेपर्यंत मूल हलूच शकत नाही. तुम्ही खाली पोचून स्वतःला अँकर केलंत की दोर सैल होतो, मग ते निघतं, आणि तुम्ही खालून दोराची दोन्ही टोकं धरून ठेवायची, वेग वाढला की ओढायचं, जागच्या जागी थांबतं. तिसरा मोठा माणूस असेल तर तो वर थांबून मुलाने अँकरची स्लिंग सोडायच्या आधी शेवटची तपासणी करतो. हे मला तिसऱ्याचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. हलक्या मुलांना जाड दुहेरी दोरावर उलटी अडचण येते, दोर सरकतच नाही, मूल बिचारं तिथेच लोंबकळत राहतं. घरून निघायच्या आधी त्याच दोरावर त्याच डिव्हाइसने करून बघा.

हाडांची_डॉक्टर

थोडं वेगळं लिहिते. मोठ्या क्लाइंबच्या एका दिवसापेक्षा त्याच्या आधीच्या तयारीने मुलांची बोटं जास्त दुखावतात. उंची झपाट्याने वाढते त्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, आजूबाजूच्या लिगामेंटपेक्षा ती कच्ची. आपल्यात पुली (कंडरा हाडाशी धरून ठेवणारा पट्टा) फाटते, त्यांच्यात ही कूर्चा तुटते. बहुतेक वेळा मधल्या बोटाचा मधला सांधा, आणि दुखतं ते सांध्याच्या वरच्या बाजूला, तळहाताच्या बाजूला नाही. एक दिवस धाडकन होईल असं नाही, हळूहळू वाढतं आणि मुलं लपवतात, कारण सांगितलं तर चढणं बंद. तिथे दुखत असेल तर टेप लावून चढायचं नाही, थांबायचं आणि एक्स-रे काढायचा. वेळेत थांबलं तर छान भरून येतं. कँपस बोर्ड (नुसत्या हातांनी वर चढायच्या पट्ट्यांची फळी) अठरा वर्षांच्या आत नको असं यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या वैद्यकीय मंडळींचंही म्हणणं आहे. पूर्ण क्रिंपवर (बोटं दुमडून धरायच्या बारीक पकडीवर) लटकून ताकद वाढवणं तर या वयात नकोच. क्रॅक (भेग), चिमणी (अंग मावेल अशी रुंद फट), स्लॅब (तिरका सपाट कातळ), पायावर चढायचे रूट भरपूर करवा, मोठ्या भिंतीला तसंही तेच लागतं.

आणि थंडी. वजनाच्या मानाने मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग जास्त, स्टेशनवर अर्धा तास वाऱ्यात उभं राहिलं की ती आपल्याआधी गार पडतात. जॅकेट मुलाच्या अंगाला लटकवलेलं हवं, तुमच्या सॅकमध्ये एक पिच वर असून उपयोग नाही.

रुंद_क्रॅक

२०२२ मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाला वडिलांनी एल कॅपवर नेलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मोठ्यांनी दोर लावले आणि मुलगा जुमारवर (दोराला पकडत सरकवायचं उपकरण) वर गेला. माझ्या मते तसं जायलाही काही हरकत नाही, आठ वर्षांच्या पोराने अशा भिंतीवर अनेक दिवस काढणं काय साधं आहे? पण त्याला "सर्वात लहान क्लाइंबर" वगैरे बिरुदं लावली की डोकं फिरतं. विक्रमाचं बोलणं सुरू झालं की मागे फिरायचं अवघड होतं, आणि मुलाबरोबर असताना मागे फिरणं हे सगळ्यात सोपं ठेवायला हवं.

काठावरचा

विक्रमाबद्दल रुंद_क्रॅक यांच्याशी १००% सहमत. बघा, मीही कधीकधी सहमत होतो.

सेकंडमॅन

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मला माझ्या वडिलांनी लहानपणी न्यायला सुरुवात केली, दोघंच असायचो, तिसरा नसायचा. आज विचार केला की वाटतं नशीब चांगलं होतं, पण तेव्हा मला काय वाटायचं ते सांगतो, कारण धाग्यावर सगळे आईबापच बोलतायत.

मला उंचीची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती बाबा दिसेनासे झाले की. ते लीडवर वर जायचे, कड्याआड वळायचे, आवाज यायचा बंद व्हायचा, आणि हातातून दोर सरकायचा थांबायचा. थांबला म्हणजे काय? स्टेशन केलं? अडकले? गिअर लावतायत? मला कळायचंच नाही, आणि विचारायला ओरडलो तर वाऱ्याने काहीच जायचं नाही. मोठ्यांना तो दोर वाचता येतो, मुलाला नाही येत. पुढे आम्ही ठरवून टाकलं, बाबा मोकळे झाले की आधी उरलेला सगळा दोर सरसर वर ओढणार, तो माझ्या कमरेला ताणला गेला की मी "मीच आहे" ओरडायचं, ऐकू जावो न जावो, मग थोडं थांबायचं, मग तीन लांब हिसके आले तरच निघायचं. एवढ्याने निम्मी भीती गेली. आता छोटे वॉकीटॉकी मिळतात, घ्याच, पण बॅटरी संपल्यावरचं ठरवून ठेवा.

दुसरं म्हणजे मला काम हवं असायचं. नुसतं ओढून नेलेलं कोणालाच आवडत नाही. नट (खाचेत अडकवलेले धातूचे तुकडे) काढणं, दोर नीट रचून ठेवणं, टोपो (रूटचा नकाशा) माझ्याकडे आणि पुढचा पिच कुठून ते मी सांगायचं.

आता उलटं झालंय. मी लीड करतो, बाबा मागून येतात, साठी ओलांडलीये, गुडघे कुरकुरतात. धागाकर्त्यांनी आईवडिलांबरोबरचंही विचारलंय म्हणून, प्रसिद्ध क्लाइंबर अ‍ॅलेक्स होनोल्डच्या आई डिअर्ड्रे वोलोनिक. पन्नाशीच्या उत्तरार्धात चढायला लागल्या, मुलगा करतो ते काय आहे बघू म्हणून, आणि २०१७ मध्ये ६६ व्या वर्षी मुलाबरोबर 'लर्किंग फियर'ने एल कॅप करून आल्या. लीड सगळं मुलाचं, त्या दोरावरून मागे. मला ते वाचताना त्यांच्यापेक्षा मुलाचं कौतुक वाटलं, इतका वेगाने चढणारा माणूस आईच्या वेगाने दिवसभर चढतो ते सोपं नाही हो. बाबांची वाट बघत स्टेशनवर उभं राहताना मला ते दर वेळी कळतं :)

उभी_रेघ

सेकंडमॅन, दोर थांबला म्हणजे काय हे मुलाला कळत नाही, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आज मुलाला विचारणार.

दोरगाठ

सेकंडमॅन यांचा प्रतिसाद मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असावी. फक्त एक, हिसक्यांची खूण तिकडे कोणीतरी क्लिप करायला दोर ओढला तरी आल्यासारखी वाटू शकते. म्हणून "आधी सगळा दोर ताणला जाणार, मगच हिसके मोजायचे" हा तुमचा क्रम महत्त्वाचा.

आणि मुलांना एक शिट्टी द्या, हार्नेसला बांधून. मदतीची खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तर मिनिटात तीन. दहा वर्षांचं मूल हे सहज लक्षात ठेवतं, मोठेच विसरतात.

कातळवेडा

जाऊन आलो मंडळी. धागा वर काढतोय कारण इथलं बरंच काही वापरलं.

टीम तिघांची, मी, लेक आणि माझा जुना मित्र जो मला खाली आणू शकतो (तोच मला आणतो बऱ्याचदा, चहाड्या नकोत). दोन दोर, दोरगाठ म्हणाले तसे दोघं एकदम मागून, लेक वर, मित्र तिच्या खाली. दोन पिच छान झाले आणि मग बाईसाहेबांचा चेहरा पडला. कारण काय, तर गिअर काका काढतात, मी नुसती येते. सेकंडमॅनचं वाक्य आठवलं. चिमणी संपल्यावर क्रम बदलला, मित्र आधी आणि ती शेवटी, म्हणजे तिच्या डोक्यावर तो आणि त्याच्यावर मी. वेळ वाढला, पण चेहरा फुलला.

एका पिचवर मी लावलेला नट खाचेत चांगलाच रुतला होता. मला वरून काही दिसत नव्हतं, फक्त टूल खालून वर ठोकल्याचा ठक ठक आवाज, मधेच शांतता, परत ठक ठक. मित्राने विचारलं राहू दे का, तर खालून फक्त "नाही" आलं. मग दोर एकदम सैल झाला आणि नट कॅराबिनरवर आपटल्याचा आवाज आला. वर येऊन तिने तो माझ्या हातात दिला नाही, स्वतःच्याच हार्नेसला लावून ठेवला दिवसभर.

मधल्या मोठ्या लेजला दीडपर्यंत पोचायचं, नाहीतर तिथून रॅपल करून खाली, हे आदल्या रात्रीच ठरवलं होतं, कारण त्याच्या पुढे ट्रॅव्हर्स आहे आणि तो ओलांडला की सरळ खाली उतरायची वाट राहत नाही, मग वरूनच निघावं लागतं. सव्वाला पोचलो. मी विचारलं कशी आहेस, ती म्हणाली मस्त. मी दोर रचायला लागलो तेवढ्यात मित्राने येऊन हळूच सांगितलं की बोटं बधिर झालीत तिची, त्याला म्हणाली होती, बाबांना सांगू नका म्हणून. इथे मला तिसऱ्याचा खरा उपयोग कळला, जो या धाग्यावर कोणीच लिहिला नव्हता, मीही नाही. अपघाताचा विचार करून मी तिसरा नेला. पण मूल बापाला "मस्त"च म्हणणार, कारण त्याला वर जायचंय आणि बापाचा चेहराही पडू द्यायचा नाहीये. मग लेजवर बसलो, ग्लव्ह्ज, जॅकेट, हात माझ्या काखेत, आणि बोटं लाल होऊन मुंग्या येऊन गेल्यावर तिलाच विचारलं की आता दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, कुठली? तेही मित्राने विचारलं, मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. वर म्हणाली.

ट्रॅव्हर्सवर अवघड पावलानंतर लगेच कॅम (फटीत फुलून बसणारं गिअर) लावला. पुढचं विशेष काही नाही, वारा होता, माथ्यावर फार थांबलो नाही, मागच्या बाजूने चालत उतरलो. पायवाटेवर ती माझ्या पुढे होती आणि सारखी मागे वळून मला "बाबा चला" करत होती.

नवी_आई

डोळ्यात पाणी आलं. लेकीला शाबासकी द्या माझ्याकडून!

काठावरचा

मत बदललं नाही. पण बोटं बधिर झाल्यावर तिला दोन वाटा ठेवल्यात आणि बाजूला झालात, ते चांगलं केलंत.

कातळवेडा

नमस्कार, मी लेक. बाबांच्या आयडीवरून लिहितेय, त्यांना विचारलंय. सगळं बरोबर लिहिलंय फक्त दोन गोष्टी. ट्रॅव्हर्स विशेष नव्हता असं नाहीये, मी तिथे खूप घाबरले होते, पायाखालची खाच बुटाच्या टोकाएवढीच होती आणि उजवा हात कुठे ठेवायचा तेच कळत नव्हतं कारण बाबांनी जिथे धरलं तिथे माझा हात पुरतच नाही. मग मी अजून खाली एक छोटी पकड शोधली जी बाबांना माहितीच नाही. दुसरं म्हणजे काकांनी चहाडी केली त्यामुळे त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, आता बोलते.

दोरगाठ काका, मला मुंटर हिच येते पण बिले करताना तिला पक्कं बांधून दोन्ही हात मोकळे कसे करायचे ते नीट जमत नाही. बाबा म्हणाले तुम्हाला विचार. पुढच्या वर्षी बाबांना मीच खाली आणणार आहे, म्हणजे प्रॅक्टिसमध्ये.

दोरगाठ

शाब्बास. त्याला म्यूल म्हणतात, मुंटर-म्यूल. ब्रेकच्या दोराचा एक लूप करायचा, तो भार आलेल्या दोराच्या मागून घ्यायचा, आणि ब्रेकच्या दोराचाच दुसरा लूप भाराच्या दोरावरून पुढे आणून पहिल्या लूपमधून ओढायचा, घट्ट करायचा, मग उरलेल्या लूपने भाराच्या दोराभोवती एक साधी गाठ मारून बंद. हे सगळं होईपर्यंत एका हाताने ब्रेकचा दोर मुंटरपाशीच दाबून धरलेला हवा, आणि पहिली गाठ मुंटरला अगदी चिकटून पडली पाहिजे, लांब पडली तर सैल होऊन दोर सरकतो. वाचून येणार नाही, हातानेच येईल. आधी दोराला भरलेली सॅक टांगून कर, बाबांना नंतर टांग.